पन्नाशी ओलांडलेली गाडी

बजाजची चेतक १९७२ साली बाजारात आली आणि २०२२ साली तिने पन्नाशी गाठली. विंटेज गाडी म्हटलं की अजूनही डोळ्यांसमोर संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस येतात. कायदा मात्र गाडीचा मालक कोण होता हे विचारत नाही. तो आधी वय विचारतो, निदान ५० वर्षं, आणि वयाची ही रेघ दरवर्षी एकेक साल पुढे सरकते. आज ती चेतक ओलांडून प्रीमियर पद्मिनीपर्यंत आली आहे, कारण पद्मिनी हे नाव त्या गाडीला १९७४ साली मिळालं. राजवाड्यांच्या गॅरेजातून निघालेला हा विषय आता नागपूरच्या इतवारीत येऊन पोचला आहे.

सराफा ओळी, किराणा ओळी, भांडे ओळी, लोहा ओळी अशी एकेका धंद्याची एकेक गल्ली असलेली ही नागपूरची जुनी बाजारपेठ. खाली दुकान, वर घर, मागे किंवा जिन्याखाली गाडीपुरती जागा. या गल्ल्यांमध्ये मोटार आत घालणं आधीपासूनच जिकिरीचं, त्यामुळे व्यापाऱ्याचं खरं वाहन स्कूटर. पुढच्या मोकळ्या जागेत पोतं, मागे मुलगा, हँडलला पिशव्या. ही स्कूटर मिळवण्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली होती, म्हणून ती भंगारात काढायला हात धजत नाही. जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली अशी स्कूटर ज्यांच्या घरात आहे, त्यांना तीनच प्रश्न पडतात: ही रस्त्यावर आणता येते का, आणायची तर कोणत्या कागदावर, आणि आणून कुठे न्यायची?

आधी एक गैरसमज दूर करू. ‘१५ वर्षं झाली की गाडी मोडीत काढावी लागते’ असं बरेच जण धरून चालतात. हे दिल्लीच्या बातम्यांमुळे झालं आहे. तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी आणली, आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. तो आदेश दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी परिसराचा आहे, नागपूरचा नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, फॉर्म २५ भरून, शुल्क आणि पर्यावरण कर चुकता करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करता येतं. गाडी तपासणीत उतरली तर ती ३० वर्षांची असो की ६० वर्षांची, तिला चालण्याचा हक्क आहे. तिच्यावर बसून रोज मस्कासाथला भाजी आणायला जा, कोणी अडवू शकत नाही.

मग विंटेज नोंदणी कशासाठी? तिच्यासाठी स्वतंत्र नियम २०२१ पर्यंत देशात नव्हतेच. नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडे असलेल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२०मध्ये मसुदा काढला आणि १५ जुलै २०२१ रोजी अंतिम अधिसूचना निघाली. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१ए ते ८१जी अशी पोटनियमांची माळ जोडली गेली. त्यातली व्याख्या बारकाईने वाचावी अशी आहे. गाडी दुचाकी असावी किंवा प्रवासी चारचाकी असावी. पहिल्या विक्रीनंतर तिची जी पहिली नोंदणी झाली त्या तारखेपासून ५० वर्षं उलटलेली असावीत, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्याचं साल धरायचं नाही. गाडी मूळ रूपात जपलेली असावी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आणि तिचा वापर खासगी असावा, धंद्याचा नाही.

अर्ज फॉर्म २०वर करायचा. सोबत विमा, शुल्क आणि जुनं आरसी बुक. गाडी परदेशातून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री. ६० दिवसांच्या आत फॉर्म २३ए मधलं नोंदणी प्रमाणपत्र मिळायला हवं. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते. पुढच्या प्रत्येक नूतनीकरणाला ५,००० रुपये आणि मुदत ५ वर्षं. गाडी आधीच नोंदलेली असेल तर तिचा जुना क्रमांक तसाच राहतो. नव्याने नोंदवायची असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका, मग चार आकडे असा क्रमांक मिळतो. जुना क्रमांक राखण्याची ही सवलत मला या नियमांतली सर्वांत समंजस गोष्ट वाटते. १ जुलै १९८९ पासून ‘एमएच’ची पद्धत आली. त्याआधीच्या तीन अक्षरांच्या क्रमांकात गाडीचं सगळं मूळ असतं. विदर्भ १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात. त्या काळात घेतलेली मोटार अजून चालती असेल, तर तिच्या आरसी बुकात तीन राजवटींचे शिक्के एकाखाली एक सापडू शकतात. नवी पाटी लावून गाडीचं हे मूळ पुसून टाकणं फार वाईट झालं असतं.

आता गाडी न्यायची कुठे. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रस्त्यावर नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, अशा कार्यक्रमाला जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढायची. रॅली सीताबर्डीवरून निघणार असेल तर इतवारीतून तिथपर्यंत गाडी चालवत न्या आणि परत आणा. मेकॅनिककडे न्या. पंपावर न्या. पण सोमवारी सकाळी तीच गाडी घेऊन दुकान उघडायला जाणं किंवा पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं नियमात बसत नाही.

इथे जगातल्या दुसऱ्या एका पद्धतीशी ताडून पाहिलं की आपल्या नियमाचा स्वभाव स्पष्ट होतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २५ वर्षांवरच्या गाड्यांना क्लब परमिट मिळतं. मालकाने मान्यताप्राप्त क्लबचा सभासद असायला हवं. परमिट वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांचं असतं. सोबत एक वही मिळते. ज्या दिवशी गाडी काढायची त्या दिवशी निघण्यापूर्वी वहीत नोंद करायची. नोंद केली की त्या दिवशी कुठेही जा, अगदी कामावरसुद्धा. नोंद नसेल तर गाडी बिनपरवाना धरली जाते. म्हणजे व्हिक्टोरिया दिवस मोजते आणि कारण विचारत नाही. आपण कारण विचारतो आणि दिवस मोजत नाही. ब्रिटनमध्ये तर ४० वर्षं झाली की रस्ताकर माफ, मोठे फेरबदल नसतील तर वार्षिक तपासणीतूनही सूट, आणि रोजच्या वापराला मनाई नाही. फक्त गाडी रस्त्यावर आणण्याच्या लायकीची आहे याची जबाबदारी मालकावर.

माझं मत स्पष्ट आहे: दिवस मोजण्याची पद्धत बरी. कारण सिद्ध करणं अवघड असतं. सेंट्रल अव्हेन्यूवर अग्रसेन चौकात वाहतूक पोलिसाने हात केला आणि ‘कुठे निघाला?’ विचारलं, तर ‘मेकॅनिककडे’ या उत्तराला पुरावा काय? वहीतली तारीख मात्र दाखवता येते. आणि दुसरं, जुनं यंत्र उभं राहून जितकं बिघडतं तितकं चालून बिघडत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, पिवळसर थर उरतो. तो बारीक जेटमध्ये अडकतो. ब्रेकच्या सिलिंडरमध्ये पिस्टन धरतो. टायर जिथे जमिनीला टेकलेला असतो तिथे चपटा होतो. बॅटरी बसते. महिन्यातून एकदोनदा गाडी नीट तापेपर्यंत चालवावी लागते, आणि रॅली काही महिन्याला दोन नसतात. ‘देखभाल’ या शब्दाखाली अशी फेरी बसावी, पण नियमाने तसं नाव घेऊन म्हटलेलं नाही. म्हणून ज्यांनी विंटेज नोंदणी घेतली आहे त्यांनी कोणी सांगितलं नसलं तरी स्वतःची वही ठेवावी: तारीख, किलोमीटरचा आकडा, कारण, आणि सोबत मेकॅनिकची पावती किंवा रॅलीचं निमंत्रण. कायदा ती मागत नाही. तरी चौकात ती कामी येईल.

पैशाचा हिशोबही एकदा मांडून पाहावा, कारण तो गाडीगणिक उलटतो. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाचं शुल्क वाढवलं. दुचाकीला २,००० रुपये, हलक्या चारचाकीला १०,००० आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००. नूतनीकरण ५ वर्षांचं असतं. चेतक साध्या नोंदणीवर १० वर्षं ठेवायची तर केंद्राच्या शुल्काचे ४,००० रुपये लागतात, शिवाय ती रोज चालवता येते. तीच विंटेज केली तर २०,००० रुपये आणि वापर जवळजवळ बंद. दुचाकीवाल्याने या वाटेला जाण्यात काही अर्थ नाही. फियाट किंवा अँबॅसडरचं १० वर्षांचं गणित दोन्हीकडे सारखंच पडतं, फरक पडतो तो अकराव्या वर्षापासून. आयात केलेल्या मोटारीला मात्र साध्या वाटेने १० वर्षांत १,६०,००० रुपये लागतात, तिथे विंटेज नोंदणी उघडच स्वस्त. थोडक्यात, ज्या साध्या गाड्या ५० वर्षांच्या रेघेने आत घेतल्या, त्यांनाच शुल्काने बाहेर ठेवलं आहे. दुचाकीचं शुल्क वेगळं आणि कमी असायला हवं, यात मला शंका नाही.

व्याख्येतूनही बरंच काही निसटलं आहे. ट्रक यात नाहीत. टाटा-मर्सिडीझचा ट्रक १९५४पासून जमशेदपूरला बनू लागला आणि इतवारीसारख्या घाऊक बाजारांचं धान्य, कापड, लोखंड त्याच पिढीच्या ट्रकांनी वाहिलं, पण विंटेजच्या व्याख्येत मालवाहू गाडीला जागाच नाही. तीनचाकीलाही नाही. टॅक्सीचं तर वयच पुरत नाही. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. ५० वर्षं भरायची संधी तिला कधीच मिळणार नव्हती. रेल्वेच्या बाबतीत आपण जास्त शहाणपणाने वागलो. इतवारीहून छिंदवाड्याला आणि नागभीडला जाणारी अडीच फुटी गेजची गाडी बंद झाली, पण त्या मार्गांवरचं सामान आणि इंजिनं नागपुरातच मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात जपली आहेत. ते संग्रहालय २००२ पासून सुरू आहे. मालवाहू ट्रकासाठी असं घर नाही आणि त्याला रस्त्यावर ठेवणारा नियमही नाही.

त्याहून जास्त खुपते ती जीपची गोष्ट. महिंद्राने १९४७ पासून विलिस जीप जोडायला घेतली. विदर्भात ती शेतमालक, ठेकेदार, जंगल खातं, सगळ्यांकडे होती. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा कित्येकांनी मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं. आज ती जीप ६०-६५ वर्षांची असेल, बॉडी मूळची असेल, तरी नियमाच्या भाषेत तिच्या इंजिनात ‘मोठा फेरबदल’ झालेला आहे आणि ती विंटेज ठरत नाही. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिव्हा १९६६ सालची. ती गाडी निदान ३० वर्षांची, इतिहासाला धरून जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली असावी असं म्हणते. पण तिच्या वर्गवारीत त्या-त्या काळातच झालेल्या बदलांसाठी वेगळा प्रकार आहे. इंजिन कधी बदललं, कोणत्या जातीचं बसवलं, हे कागदावर असेल तर तो बदलही गाडीच्या इतिहासाचा भाग धरला जातो. आपल्या नियमात ही सोय आली, तर विदर्भातल्या कित्येक जुन्या जीपांना निदान दाद मागता येईल. इंजिन बदललं की आरसी बुकात त्याची नोंद करावी लागते, आणि ती ज्यांनी तेव्हा केली नाही, त्यांची साध्या नूतनीकरणातही कोंडी होते. पडताळणी सोपी असते: ठोकलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची, आकडे कागदावर उमटतात, ते बुकातल्या आकड्यांशी जुळवायचे. चेसिसचे जुळले आणि इंजिनचे नाही जुळले की अर्ज तिथेच थांबतो.

मात्र इतवारीतल्या बहुतेक गाड्या अडतात त्या याहून साध्या कारणाने: गाडी अजून आजोबांच्या नावावर असते. मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मग ३ महिन्यांपर्यंत गाडी वापरता येते आणि तेवढ्या मुदतीत फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. हे घरातल्या कोणालाच तेव्हा सुचत नाही. दुकान, घर, सोनं यांची वाटणी होते, स्कूटर जिन्याखाली राहते. २० वर्षांनी नातू हौसेने पुढे येतो तेव्हा मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, थकलेलं नूतनीकरण आणि दंड, सगळं एकदम अंगावर येतं. आरसी बुक हरवलं असेल तर दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६ आणि पोलिसांकडची नोंद. ही कामं विंटेजच्या अर्जाआधी उरकावी लागतात. गाडीला रंग मारण्याआधी तर नक्कीच. मी कितीतरी सुंदर रंगवलेल्या गाड्या पाहिल्या आहेत, ज्यांचा कागदावर मालकच हयात नाही.

कागद नीट झाले की चालवण्याचे नेहमीचे नियम जुन्या गाडीलाही लागू असतात. तृतीय पक्षाचा विमा हवाच. दुचाकीवर हेल्मेट हवंच, स्कूटर कितीही जुनी असली तरी. सीट बेल्टची सक्ती मात्र ज्या गाडीला नियमानुसार बेल्ट दिलेला आहे तिच्यापुरती. १९७०च्या फियाटमध्ये तो मुळातच नव्हता, म्हणून दंड होत नाही. पण समजून घ्यायची गोष्ट दंडाची नाही. त्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि पुढे अचानक थांबणाऱ्या आजच्या गाडीला डिस्क. जुनी गाडी थांबायला जास्त रस्ता लागतो. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर सोडावं, आणि मागच्याला कळावं म्हणून हाताने इशारा करण्याची जुनी सवय सोडू नये. फक्त तो इशारा आजच्या पोरांना ओळखू येतो असं गृहीत धरू नये.

नागपूरचं ऊन हा वेगळाच नियम. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की फियाटसारख्या गाडीचा इंजिनावर बसवलेला पेट्रोल पंप इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत राहतो, कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळत नाही, आणि गाडी भर चौकात बंद पडते. त्यावर इथल्या मेकॅनिकांचा उपाय ठरलेला: बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर गुंडाळा, दहा मिनिटं थांबा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत फेरी आटोपावी. पेट्रोलचा प्रश्न याहून गंभीर आहे. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या आणि गास्केटं त्याने फुगतात, मग कडक होऊन तडकतात, आणि कार्ब्युरेटरच्या जस्त-ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी धरते. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. चेतकवाल्यांना हे शिकवायला नको. किक मारण्याआधी स्कूटर एका अंगावर कलती करण्याची युक्ती ज्या पिढीने सगळ्या देशाला शिकवली, तिला कॉकचं महत्त्व ठाऊक आहे.

विकायची झालीच तर विंटेज गाडी विकता येते. खरेदीदार आणि विकणारा, दोघांनी आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला ९० दिवसांत कळवायचं.

आणि रेघ पुढे सरकतच राहणार. पहिल्या मारुती ८००ची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी ग्राहकाच्या हातात ठेवली, म्हणजे २०३३च्या डिसेंबरात ती गाडीही पन्नाशीची होईल. ज्यांच्या घरी ऐंशीच्या दशकातली मारुती मूळच्या इंजिनासह अजून उभी आहे, त्यांनी आत्ताच दोन कामं करून ठेवावीत: नूतनीकरणात खंड पडू देऊ नये, आणि आरसी बुक हयात माणसाच्या नावावर आणावं.